बर्फगाडीच्या पट्ट्या आणि सासूबाई

आम्ही त्या घराचा वरचा मजला भाड्याने घेतला तेव्हा खालच्या गॅरेजमध्ये मोटार नव्हती, एक पिवळी बर्फगाडी होती. समोर दोन स्की, मधे घोड्यावर बसल्यासारखं बसायची सीट, आणि मागे चाकांऐवजी रणगाड्याला असतो तसा रुंद रबरी बेल्ट. घरमालक तिला मोटारश्लिटन म्हणायचे. जर्मनीत असली गाडी हौस म्हणून रानात पळवता येत नाही, परवानगी लागते. ती त्यांच्याकडे होती, कारण गावातल्या स्कीवाल्यांच्या मंडळाची, म्हणजे फेराइनची, लोइपे आखायचं काम त्यांच्याकडे होतं. लोइपे म्हणजे जंगलातून जाणारी स्कीची वाट. बर्फ पडला की सकाळी घरमालक गाडीमागे एक जड साचा जोडून निघायचे आणि बर्फात आगगाडीच्या रुळांसारख्या दोन समांतर खाचा पाडून परत यायचे. मग दिवसभर अख्खं गाव त्या खाचांतून घसरत फिरायचं.

घरमालक सत्तरीच्या पुढचे, उंच, मोजकं बोलणारे. आमच्या त्या भागात, फिख्टेलगेबिर्गेच्या पायथ्याशी, एके काळी चिनी मातीच्या भांड्यांचे पुष्कळ कारखाने होते. तशा एका कारखान्यात ते चाळीस वर्षं फिटर होते. कारखाना बंद पडला, पण यांचा हात काही स्वस्थ बसला नाही. घरातलं एकही दार करकरत नसे. मी जवळच्या एका कंपनीत मेकॅनिकल इंजिनियर. माझं काम सगळं पडद्यावरचं. कुठल्या भागावर किती ताण येईल, तो कधी तुटेल, हे संगणकावर रंगांत बघायचं. लाल दिसलं की तुटणार. हाताला काळं लागून मला दहा वर्षं तरी झाली होती.

दोन हजार पंधराच्या आसपासचा तो हिवाळा. जानेवारीत, पायरीवरचा बर्फ काढायची आमची पाळी होती म्हणून मी फावडं घेऊन उतरले आणि तिसऱ्या पायरीवरून थेट खाली पोचले. उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर, आणि डॉक्टरांचा क्रांकशाइन, म्हणजे आजारपणाचा दाखला, हातात. नवरा सोमवार ते गुरुवार बर्लिनला असायचा. सासूबाई मे महिन्यात येणार होत्या, लांब मुदतीचा व्हिसा तयारच होता. त्यांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं, तिकीट बदललं, आणि दहा दिवसांत ज्वारीच्या पिठाची पिशवी घेऊन हजर झाल्या.

आमचं दोघींचं तसं बरं होतं, पण बेताचं. लग्नाला सहा वर्षं झाली तरी मी त्यांच्याशी परीक्षेला बसल्यासारखी बोलायची. अहो आई, राहू दे. अहो आई, मी करते. त्याही मला कधी टाकून बोलल्या नाहीत, पण मोकळं असंही काही बोलल्या नाहीत. आता माझा एक हात बांधलेला आणि घरात दोघीच. त्या माझी वेणी घालायच्या, ताटातली भाकरी मोडून द्यायच्या, आणि मग खिडकीशी बसून पांढऱ्या रस्त्याकडे बघत राहायच्या. चौथ्या दिवशी मी विचारलं, करमत नाही का? त्या म्हणाल्या, "थंडीचं काही नाही गं. इथं काही वाजतच नाही."

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी सांगितलं. इचलकरंजीत त्यांच्या घरामागच्या शेडमध्ये आठ यंत्रमाग होते, हे मला माहीत होतं. एक पाळी सासरे चालवायचे आणि दुसरी त्या, हे माहीत नव्हतं. सासरे गेल्यावर अकरा वर्षं त्यांनी एकटीने ते माग चालवले हेही नव्हतं. माझा नवरा लहानपणाबद्दल फार बोलत नाही. बोललाच तर एवढंच, की त्या खडखडाटात अभ्यास कसा केला ते मला माहीत. पुढे माग विकले. शेडमध्ये आता भाडेकरूच्या दुचाक्या असतात.

मी विचारलं, बिघाड झाला की कोण बघायचं? त्या म्हणाल्या, जॉबर असायचा, म्हणजे मागाची दुरुस्ती करणारा माणूस. पण तो बोलावल्यावर दोन दिवसांनी उगवायचा. "दोन दिवस माग उभा ठेवून चालतं होय? बघून बघून यायला लागलं."

त्या वर्षी बर्फ उशिरा आला आणि आला तोही पातळ. लोइपेच्या दोन भागांच्या मधे डांबरी रस्त्याचा एक तुकडा होता. एरवी त्यावरही बर्फ असायचा, यंदा डांबर उघडं होतं आणि घरमालक त्यावरून तशीच गाडी नेत होते. एका बुधवारी गाडी जंगलातच अडली. फेराइनमधल्या एका बाईने ट्रॅक्टर नेऊन ती ओढून आणली. ही बाई बेकरीची गाडी चालवायची आणि घरमालकांना बरं नसलं की लोइपेही तीच आखायची. रविवारी फेराइनची वर्षातली मोठी स्की-फेरी होती, आजूबाजूच्या गावांतून माणसं येणार होती. वर्कशॉपमध्ये विचारलं तर दोन आठवड्यांनंतरचा टर्मिन, म्हणजे ठरवून दिलेली वेळ, मिळत होता. घरमालकांनी फोन ठेवला, बेल्टच्या आत बसणाऱ्या नव्या पट्ट्या घेऊन आले आणि गुरुवारी सकाळी स्वतःच कामाला लागले.

आधी ठोकल्याचा आवाज येत होता. मग तो थांबला, आणि एक लांबलचक ओरडणं आलं. आम्ही दोघी जिन्यावरून खाली धावलो. घरमालक गाडीशेजारी काटकोनात वाकून उभे होते आणि त्यांना सरळ होता येत नव्हतं.

"हेक्सनशुस," ते जमिनीकडे बघत म्हणाले.

मी सासूबाईंना सांगितलं, शब्दशः अर्थ चेटकिणीने मारलेली गोळी. त्या म्हणाल्या, "चेटकीण कसली, उसण भरलीय." वर जाऊन त्यांनी गरम पाण्याची पिशवी आणि शाल आणली. आम्ही घरमालकांना हळूहळू एका खुर्चीवर उलटं बसवलं, पाठीला पिशवी बांधली. डॉक्टरांना फोन करू का विचारलं तर म्हणाले, दुपारी मुलगी येतेय, ती नेईल. आणि मग ज्या आवाजात माणूस एखाद्याचं निधन झाल्याचं सांगतो त्या आवाजात म्हणाले, आल्झो, झालं, रविवार गेला.

मी गाडीकडे बघितलं. मागची बाजू त्यांनी लाकडी घोडीवर उचलून ठेवली होती, बेल्ट सैल करून लोंबत होता. बेल्टच्या आत अॅल्युमिनियमचे दोन लांब रूळ असतात, गाडीचा सगळा भार त्यांच्यावर. प्रत्येक रुळाच्या खालच्या कडेवर प्लास्टिकची एक लांब पट्टी सरकवून बसवलेली असते. बेल्टला आतून लोखंडी चिमटे असतात, ते फिरताना या पट्टीवरून घसरत जातात. बर्फ हेच त्यांचं वंगण. बर्फ नसला की पट्टी तापते, मऊ होते आणि झिजते. डाव्या रुळाची जुनी पट्टी मागच्या टोकाला पातळ झाली होती, आणि पुढच्या टोकाला, जिथे तिला बोल्ट असतो तिथे, फाटून सुटली होती. ती काढून घरमालकांनी नवी पट्टी ठोकायला घेतली, तर ती अर्ध्यावर जाऊन अडकली होती.

माझं डोकं लगेच सुरू झालं. पट्टीची खाच चुकीच्या मापाची असणार, दुकानदाराने दुसऱ्या मॉडेलची दिली असणार. मी डाव्या हाताने व्हर्निअर धरून मापं घ्यायला लागले आणि प्रत्येक वेळी तो निसटून खाली पडत होता. सासूबाई थोडा वेळ बघत होत्या. मग त्यांनी पदर खोचला, माझ्या नवऱ्याचं जाड जाकीट अंगात चढवलं आणि गाडीखाली पुठ्ठा पसरून सरळ आडव्या झाल्या. घरमालकांनी मान वळवायचा प्रयत्न केला आणि कळवळले.

सासूबाईंनी रुळाच्या कडेवरून बोट फिरवायला सुरुवात केली. पुढून मागे, सावकाश, डोळे मिटून. मधोमध आल्यावर बोट थांबलं.

"इथं अडतंय," त्या म्हणाल्या. "पट्टीला कशाला बोल लावतेस? तिची वाट खराब झालीय."

खरंच होतं. पट्टी फाटून सरकल्यावर लोखंडी चिमटे उघड्या अॅल्युमिनियमवर घासले होते आणि कडेला धारदार कंगोरे उठले होते. मी ते जर्मनमध्ये सांगितलं. घरमालक म्हणाले, कानस दुसऱ्या खणात आहे, बारीक दातांची घ्या. सासूबाईंनी चार कानशी हातात घेऊन पाहिल्या आणि त्यांना हवी होती ती काढली. ती बारीक दातांचीच होती.

पण त्यांचं समाधान झालं नव्हतं. कानस लावायच्या आधी त्यांनी मला वरून शिवणाच्या डब्यातला दोरा आणायला सांगितला. दोऱ्याचं एक टोक रुळाच्या पुढच्या टोकाला मी धरलं, दुसरं त्यांनी मागे ताणून धरलं. मधे दोरा आणि रूळ यांच्यात करंगळीचं नख जाईल एवढी फट दिसली. रूळ आत वाकला होता. जिथे वाकला होता तिथेच दोन रुळांना जोडणारा एक आडवा दांडा होता, आणि त्याचा बोल्ट हाताने हलवला तर खुळखुळत होता.

हा बोल्ट ढिला होतो, घरमालक म्हणाले. ते दर आठवड्याला तो आवळतात.

मी भाषांतर केलं. सासूबाई गाडीखालूनच म्हणाल्या, "त्यांना सांग, जो बोल्ट दर आठवड्याला आवळावा लागतो, तो ढिला नसतो. भोक मोठं झालेलं असतं."

बोल्ट काढला. भोक लांबट झालं होतं, अंड्यासारखं, आणि दांड्याच्या दुसऱ्या टोकाचंही तसंच. मी मोबाईलने फोटो काढून घरमालकांना दाखवला. त्यांनी तो बोटांनी मोठा करून बघितला. मग म्हणाले, गेनाऊ. जर्मन माणूस अगदी बरोबर या अर्थी हा शब्द दिवसातून पन्नासदा वापरतो, पण त्यांनी तो उच्चारला तेव्हा तो त्यांना जरा जड गेला.

आता पुढचं मला येत होतं. लांबट भोक मोठ्या ड्रिलने पुन्हा गोल करायचं आणि आत एक बुश, म्हणजे धातूची छोटी नळी, घट्ट बसवायची, म्हणजे बोल्टला हलायला जागा राहत नाही. बुश कुठून आणायचा हा प्रश्न मी विचारायच्या आत घरमालकांनी फडताळातला नाताळच्या बिस्किटांचा डबा दाखवला. त्यात कारखाना बंद होताना आणलेले पितळी बुश मापाप्रमाणे कागदात गुंडाळून ठेवलेले. मी प्लास्टरवर व्हर्निअर टेकवून मोजायची युक्ती काढली आणि त्यातून दोन निवडले. ड्रिल सासूबाईंनी धरलं. त्यांनी आयुष्यात ड्रिल धरलं नव्हतं. पहिल्यांदा ते त्यांच्या हातात असं उसळलं की आम्ही तिघंही दचकलो. मग मी डाव्या हाताने त्यांचं कोपर दाबून धरलं, घरमालक खुर्चीवरून "लांगझाम, लांगझाम" करत राहिले, आणि सावकाश म्हणजे काय हे त्यांना भाषांतराशिवाय कळलं. बारीक ड्रिलने सुरुवात करून दर वेळी थोडं मोठं लावत आम्ही दोन्ही भोकं गोल केली. बुश आत गेले. दांडा परत बसवून बोल्ट आवळले तसा रूळ सरळ आला. सासूबाईंनी पुन्हा दोरा ताणून बघितला, मगच कानस घेतली.

मग मागच्या टोकाला हात गेला आणि मला एक गोष्ट दिसली. जुन्या पट्टीला मागेही एक स्क्रू मारलेला होता. गाडीच्या पुस्तकात तसा स्क्रू कुठेच नव्हता. मी घरमालकांना विचारलं. ते म्हणाले, पट्टी मागे सरकू नये म्हणून त्यांनीच दोन वर्षांपूर्वी मारला.

मला ते सांगायचं जिवावर आलं होतं. ज्या माणसाच्या घरात दार करकरत नाही त्याला, तेही तो पाठीला शेक घेत उलटा बसलेला असताना, चूक तुमची आहे कसं म्हणायचं? पण गणित सोपं होतं. असलं प्लास्टिक थंडीत चांगलंच आखडतं. उबदार गॅरेजमध्ये दोन्ही टोकांना खिळवलेली पट्टी बाहेर उणे दहात गेली की आखडते, पण आखडायला तिला जागा नसते. मग ती जिथे कमजोर तिथे फाटते. पुढचं टोक थंडीनेच फाटलं होतं, आणि उरलेलं काम डांबराने पुरं केलं. मी हे सगळं एका दमात आणि जरुरीपेक्षा जास्त "कदाचित" वापरून सांगितलं.

त्यांनी जुनी पट्टी मागून घेतली आणि फाटलेल्या टोकावरून अंगठा फिरवला. सासूबाईंनी मला विचारलं, काय झालं? मी मराठीत सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग त्यात काय? मीही एकदा धोटा नीट चालेना म्हणून त्याच्या पेटीत लाकडाची पाचर मारली होती. चांगला चालला. तिसऱ्या दिवशी उडून ह्यांच्या खांद्याला लागला."

हे मी घरमालकांना जसंच्या तसं सांगितलं. धोटा म्हणजे मागावर सूत घेऊन इकडून तिकडे पळणारा लाकडी तुकडा, हे हातवारे करून समजवावं लागलं. त्यांना हसू आलं, आणि हसल्यावर पाठ दुखली, आणि पाठ दुखली म्हणून ते आणखी हसले. मग म्हणाले, मागचा स्क्रू नको, शेफिनला सांगा. शेफिन म्हणजे बाईसाहेब. त्या दिवसापासून सासूबाई त्या घरात शेफिनच झाल्या.

उरलेलं काम सरळ होतं. पट्टीच्या खाचेला साबणाचं पाणी लावलं. मी पुढून पट्टी धरून वाट दाखवली आणि सासूबाईंनी मागून लाकडाच्या ठोकळ्यावर हातोडी मारली. सकाळी जी पट्टी अर्ध्यावर अडली होती ती आता वीत वीत करत गेली. उजव्या बाजूची पट्टी आणखी सोपी गेली. पुढचे बोल्ट बसवले, बेल्ट ताणला. घरमालकांची मुलगी त्यांना डॉक्टरांकडे न्यायला आली, तेव्हा त्यांनी तिला सांगितलं की अजून पंधरा मिनिटं थांब, चालवून बघायचं आहे.

गाडी घोडीवरच होती. मुलीने इंजिन सुरू केलं. बेल्ट हवेत फिरायला लागला आणि गॅरेज दणाणून गेलं. मी कान झाकले. सासूबाई मात्र पुढे सरकल्या, मान तिरकी केली. इतक्या दिवसांत त्यांचा चेहरा मी असा पाहिला नव्हता. एखाद्या लग्नात जुनी मैत्रीण भेटावी तसा. त्यांनी हात वर करून थांबवायला सांगितलं.

"एक बाजू अजून बोलतेय," त्या म्हणाल्या.

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. घरमालकांनाही नाही. पण सासूबाईंनी बेल्टच्या आतल्या मागच्या छोट्या चाकांपैकी एक हलवून दाखवलं, आणि त्याचा नट दोन आटे सैल होता. तो आवळून पुन्हा इंजिन सुरू केलं. त्यांनी मान डोलवली. मगच घरमालक डॉक्टरांकडे गेले.

शनिवारी नवरा घरी होता. बेकरीवाली बाई आली, तिने घरामागच्या कुरणात गाडी चालवून पाहिली, आणि उतरून सासूबाईंना मागे बसायची खूण केली. मला वाटलं त्या नाही म्हणतील. त्यांनी माझी स्कीची पँट मागितली, साडी तिच्यात कोंबली, कानटोपी घातली आणि बसल्या. दोन फेऱ्या झाल्या. नवरा कुंपणाशी उभा राहून मोबाईलवर व्हिडिओ घेत होता, पण व्हिडिओत अर्धा वेळ त्याचेच बूट आहेत, कारण तो डोळे पुसत होता. मी विचारलं, काय झालं? तो म्हणाला, काही नाही. मग थोड्या वेळाने म्हणाला, "मी शाळेत सगळ्यांना सांगायचो की आई घरीच असते."

त्याने ते संध्याकाळी आईला सांगितलं की नाही, मला ठाऊक नाही. पण दोघं बराच वेळ स्वयंपाकघरात होते आणि दार लोटलेलं होतं.

रविवारी बर्फ फार नव्हता, पण पुरला. खाचा सरळ पडल्या होत्या. माणसं आली, घसरली, पडली, चहा आणि सूप प्यायली. घरमालक काठी टेकत आले आणि येईल त्याला आमच्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगत राहिले. मी प्लास्टर सांभाळत आणि सासूबाई शाल सांभाळत आम्ही लोइपेच्या कडेने बरंच चाललो. वाटेत त्यांनी मला आठही मागांबद्दल सांगितलं. कुठला हट्टी होता, कुठला पावसाळ्यात रुसायचा, चौथा कसा कधीच बिघडला नाही. मी अहो आई, राहू दे असं एकदाही म्हटलं नाही. मी प्रश्न विचारत गेले आणि त्या सांगत गेल्या.

प्लास्टर निघालं. एप्रिलमध्ये त्या परत गेल्या. मी कामावर रुजू झाल्यावर साहेबांकडे गेले आणि आठवड्यातले दोन दिवस पडद्याऐवजी चाचणीच्या शेडमध्ये मागून घेतले. तिथे खरे भाग खऱ्या यंत्रांवर झिजवतात. त्यांनी कारण विचारलं. मी म्हटलं, ऐकायला शिकायचं आहे. त्यांना ते नीटसं कळलं नसावं, पण त्यांनी सही केली.

जूनमध्ये घरमालकांनी मला एक पाकीट दिलं, इचलकरंजीचा पत्ता घालून पाठवायला. आत फेराइनचं सभासदपत्र होतं, सासूबाईंच्या नावाचं, शिक्क्यासकट, आणि सोबत चार पानी नियमावली. जर्मनीत साधी भजनाची मंडळी जमली तरी तिला नियमावली लागते. पाकीट पोचल्यावर सासूबाईंचा फोन आला. कार्ड त्यांना आवडलं होतं, पण नियम वाचता येत नव्हते. सभासदाला काय काय करावं लागतं, त्यांनी विचारलं. मी नियमावलीची माझ्याकडची प्रत काढून वाचून दाखवली. बैठकीला हजर राहावं, नोटीस दिल्याशिवाय सोडून जाऊ नये, आणि प्रत्येक सभासदाने वर्षातून दहा तास फेराइनचं काम करावं.

"मग माझे तास भरले का?" त्या म्हणाल्या. "विचारून ठेव हं. बाकी राहिले असतील तर सांग, येऊन भरते."

मी खाली जाऊन विचारलं. घरमालक दाराच्या बिजागरीला तेल घालत होते. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, तीन वर्षांचे भरलेत, पण शेफिनला हे सांगू नका.